साथ आणि प्रवास : ‘रेल्वे की विमान’ या निवडीचा इतिहास (१८९६ ते २०२१)

प्रस्तावना :

साथीच्या काळात प्रवास करावा की टाळावा, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडत आला आहे. प्रवास टाळता येण्याजोगा नसेल तर तो कोणत्या वाहनाने करावा, हा प्रश्न मात्र त्या मानाने नवा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात आणि पुढे दिवाळीच्या सुमारास तो असंख्य घरांत विचारला गेला. गावी आई-वडील एकटे आहेत, मुलगी परगावी वसतिगृहात अडकली आहे, कोणाचे औषधोपचार चालू आहेत. अशा वेळी रेल्वेने सोळा तास जावे की विमानाने दोन तासांत पोहोचावे, याचा विचार लोक करीत होते. या प्रश्नाचे उत्तर बहुधा वैद्यकीय अंगाने किंवा भाड्याच्या अंगाने दिले गेले. त्याच्या ऐतिहासिक अंगाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

वस्तुतः प्रवासाचे साधन, साथ आणि शासन यांचा परस्परसंबंध भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडू लागला आणि त्याची पहिली मोठी प्रयोगशाळा मुंबई हीच होती. त्या काळी विमान नव्हते. परंतु निवडीचा प्रश्न होता. तो रेल्वे आणि आगबोट यांच्यातील होता. प्रस्तुत शोधनिबंधात १८९६ च्या प्लेगपासून २०२०-२१ च्या कोविड-१९ महामारीपर्यंतचे पाच प्रसंग घेऊन या निवडीचे स्वरूप कसे बदलत गेले आणि काय बदलले नाही, याचा शोध घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) साथीच्या काळात प्रवासी वाहनांवर शासनाने घातलेल्या निर्बंधांचे ऐतिहासिक स्वरूप पाहणे.
२) रेल्वेचा प्रवासी आणि विमानाचा (पूर्वी आगबोटीचा व वरच्या वर्गाचा) प्रवासी यांना मिळालेल्या वागणुकीची तुलना करणे.
३) वाहनाची निवड ही कितपत खरी निवड होती, हे तपासणे.

संशोधन पद्धती :

वर्णनात्मक आणि तौलनिक ऐतिहासिक पद्धतीचा येथे अवलंब केला आहे. कायद्याचा मजकूर, शासकीय आदेश, संसदेत दिलेली माहिती आणि प्रकाशित वैद्यकीय अभ्यास यांचा आधार घेतला आहे.

१. प्लेग (१८९६-९७) : आगगाडी आणि आगबोट

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा आणि बंदराला लागून असलेला दाट वस्तीचा भाग. रोगाची बातमी पसरताच लोक शहर सोडू लागले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या आठ लाखांहून थोडी अधिक होती. १८९७ च्या प्रारंभीच्या महिन्यांत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले होते, असे समकालीन अंदाज सांगतात.

हे लोक गेले कसे? घाटावरचा, म्हणजे पुणे-सातारा भागातला माणूस आगगाडीने गेला. गुजराती व्यापारी व नोकरदार उत्तरेकडच्या गाडीने गेले. गिरण्यांत मोठ्या संख्येने असलेल्या रत्नागिरीकडील कोकणी कामगारापुढे मात्र आगगाडीचा पर्यायच नव्हता. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडावे लागले. त्यामुळे तो बंदरावर गेला आणि आगबोटीत किंवा मचव्यात बसला. म्हणजेच वाहन कोणते हे प्रवाशाच्या पसंतीने नव्हे, तर त्याच्या गावाच्या भूगोलाने आणि खिशाने ठरविले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा वसाहतकालीन शासनाने मोठ्या घाईने केला. त्यात रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि तपासणी अधिकाऱ्याला संशय येईल त्यांना रुग्णालयात अथवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला होता. बंदरात येणाऱ्या व तेथून सुटणाऱ्या जहाजांच्या तपासणीचीही तरतूद होती. त्याच सुमारास मुंबईहून हजला जाणारी यात्रा रोखण्यात आली आणि प्लेगच्या प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. युरोपातील देशांना भीती होती ती मुंबईहून निघणाऱ्या जहाजांची. शासनाला देशांतर्गत भीती होती ती आगगाडीची.

तपासणीचा भार कोणावर पडला, हे येथे महत्त्वाचे आहे. मोठ्या स्थानकांवर तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना खाली उतरवून रांगेत उभे केले जाई. काखेत, जांघेत गाठ आहे का, ताप आहे का, हे पाहिले जाई. स्त्रियांची तपासणी पुरुष डॉक्टरांनी चारचौघांत करावी, याविरुद्ध सर्व धर्मांच्या लोकांत तीव्र असंतोष निर्माण झाला आणि त्यातून स्त्री-तपासनीस नेमण्याची पाळी शासनावर आली. वरच्या वर्गाच्या प्रवाशाची तपासणी मात्र बव्हंशी डब्यातच आणि अदबीने उरकली जाई. जंतू तिकिटाचा वर्ग पाहत नव्हता, पण तपासणी तो पाहत होती. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या प्लेग समितीच्या कारभाराने लोकक्षोभ कोणत्या थराला नेला, हे सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ ची घटना ही घरतपासणीच्या जुलमाची प्रतिक्रिया म्हणून आपण शिकवतो; स्थानकावरील तपासणीचा अपमान हाही त्या असंतोषाचाच एक भाग होता, हे शिकवताना बहुधा राहून जाते.

मद्रास इलाख्यात याच्याही पुढची पायरी गाठली गेली. प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्या प्रवाशाला ‘प्लेग पासपोर्ट’ दिला जाई आणि त्याला मुक्कामाच्या ठिकाणी दहा दिवस रोज हजेरी द्यावी लागे. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि पुढे ती टोचून घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना काही ठिकाणी निर्बंधांतून सवलत मिळू लागली. २०२० चा ई-पास आणि २०२१ चे लसीकरण प्रमाणपत्र यांचे पूर्वज शोधायचे असतील तर ते येथे सापडतात.

यातील सर्वांत बोधप्रद भाग निराळाच आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले आणि त्याला सर्वमान्यता मिळण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक निम्म्याहून अधिक सरावे लागले. या मधल्या काळात स्थानकांवर हजारो माणसांची शरीरे तपासली जात होती आणि त्याच रुळांवरून धान्याच्या वाघिणी, त्यांतील उंदीर-पिसवांसह, निर्वेधपणे देशभर जात होत्या. तपासणी तेथे होती जेथे ती करणे सोपे होते. रोग जेथून जात होता, ती वाट मोकळीच होती.

२. इन्फ्लुएंझा (१९१८) : न थांबलेली गाडी

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत इन्फ्लुएंझाचे पहिले रुग्ण आढळले. बंदरावर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. ही लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र अत्यंत घातक ठरली आणि ती मुंबईपासून लोहमार्गांच्या अनुरोधाने उत्तरेकडे व पूर्वेकडे पसरत गेली. भारतातील मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. रोगाच्या प्रसारात रेल्वेचा वाटा मोठा होता, हे तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांनीच नमूद केले आहे.

तरीही १९१८ मध्ये रेल्वे थांबली नाही. महायुद्ध चालू होते. सैनिक, धान्य, इंधन यांची ने-आण अनिवार्य मानली जात होती. प्लेगच्या वेळी ज्या शासनाने प्रवाशाच्या काखेत बोटे घातली, त्याच शासनाने इन्फ्लुएंझाच्या वेळी प्रवाशाकडे जवळजवळ पाहिलेच नाही. प्लेगच्या वेळी युरोपशी होणाऱ्या व्यापारावर गदा येण्याची भीती होती. १९१८ मध्ये युरोप स्वतःच आजारी होता. त्यामुळे गाडी थांबवायची की नाही, हा निर्णय रोगाच्या घातकतेवर नव्हे, तर शासनाच्या त्या वेळच्या गरजेवर अवलंबून राहिला.

विमानाचा पर्याय अजून दूर होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा भारतीय नागरी विमानवाहतुकीचा खरा आरंभ झाला. विमानांसाठी सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र नियम १९५४ मध्ये आले. साथरोग कायद्याच्या मजकुरात मात्र ‘विमान’ हा शब्द यायला २०२० सालची दुरुस्ती व्हावी लागली.

३. सुरत (१९९४) : दोन वाहने, दोन भीती

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांत हिरे आणि कापड व्यवसायातील स्थलांतरित कामगार मोठ्या संख्येने होते. ते रेल्वेने आणि एस.टी.ने महाराष्ट्र, सौराष्ट्र, उत्तर प्रदेश, ओरिसा येथील आपापल्या गावी गेले.

याच वेळी जगाची नजर वेगळ्या वाहनावर खिळली होती. आखाती देशांसह अनेक राष्ट्रांनी भारताकडील विमानसेवा स्थगित केली. युरोपातील विमानतळांवर भारतातून आलेल्या प्रवाशांची तपासणी होऊ लागली. अशा बंदीची आवश्यकता नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका असतानाही हे घडले. अधिकृत नोंदीनुसार मृत्यूंची संख्या पन्नासच्या घरात राहिली. व्यापार व पर्यटन यांचे नुकसान मात्र अब्जावधी रुपयांचे झाले.

१८९७ मध्ये बाहेरच्या जगाला मुंबईच्या जहाजाची भीती वाटत होती. १९९४ मध्ये तीच भीती विमानाकडे वळली. देशातील रेल्वेचा प्रवासी दोन्ही वेळा जगाच्या दृष्टीआड राहिला. प्रत्यक्षात रोग पसरण्याचा संभव असलेली मोठी हालचाल त्याचीच होती. ती रोखण्यापेक्षा प्रवाशांना प्रतिजैविके देणे आणि संशयितांना रुग्णालयात नेणे, हा मार्ग तेव्हा परिणामकारक ठरला, ही गोष्ट पुढे २०२० मध्ये विसरली गेली.

४. सार्स (२००३) आणि स्वाइन फ्लू (२००९) : विमानतळावरील यंत्र

एकविसाव्या शतकात विमान हे साथीचे प्रमुख वाहन बनले. २००३ च्या सार्सच्या साथीत फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगमधील एका हॉटेलातून विषाणू विमानमार्गे अनेक देशांत पोहोचला. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात लक्षणे असलेल्या एका रुग्णाखेरीज ११९ जण होते. त्यांपैकी २२ जणांना पुढे हा आजार झाल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. दुसऱ्या काही विमानांत मात्र रुग्ण असूनही संसर्ग झाला नाही, किंवा अगदी अल्प झाला. विमान सुरक्षित की असुरक्षित, याचे एकशब्दी उत्तर तेव्हाही मिळाले नव्हते.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी भारतातील विमानतळांवर तपासणी कक्ष आणि थर्मल स्कॅनर आले. मे महिन्यात हैदराबादला अमेरिकेहून आलेल्या प्रवाशात पहिला रुग्ण सापडला. परंतु ऑगस्टमध्ये देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा रोग विमानतळाच्या दरवाज्याबाहेर पडून शाळांपर्यंत पोहोचलेला होता. वाहनाच्या दारावर ठेवलेला पहारेकरी रोगाला उशीर करू शकतो, अडवू शकत नाही, हा २००९ चा धडा होता.

याच काळात निवडीचा पाया विस्तारला. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवेचा आरंभ केला आणि पुढील पंधरा वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंब दूरच्या प्रवासासाठी दोन्ही भाड्यांची तुलना करू लागले. ‘रेल्वे की विमान’ हा प्रश्न मुळात या वर्गाचा आहे. २०१९ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या सुमारे १४ कोटी ४० लाख होती. २०१८-१९ या वर्षात रेल्वेने झालेल्या प्रवासांची संख्या उपनगरी सेवेसह सुमारे ८४४ कोटी होती. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे लागते.

५. कोविड-१९ (२०२०-२१) : मधली जागा

३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातील पहिला रुग्ण आढळला; ती वुहानहून परतलेली विद्यार्थिनी होती. ९ मार्च रोजी पुण्यात दुबईहून परतलेल्या प्रवाशांत महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले. रोग विमानाने आला, याविषयी शंका नव्हती. असे असूनही वाहने बंद झाली त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून आंतरराष्ट्रीय विमाने आणि देशातील सर्व प्रवासी रेल्वेगाड्या बंद झाल्या. देशांतर्गत विमाने मात्र २४ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत उडत होती. म्हणजे टाळेबंदी जाहीर होण्यापूर्वीच सामान्य माणसाचे वाहन थांबले होते आणि सधन माणसाला आणखी दोन दिवस मिळाले. हे हेतुतः झाले असे म्हणण्यास आधार नाही. तरीही परिणाम तसा झाला, ही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

रेल्वे आणि विमान ही दोन वेगळी जगे नाहीत, हेही त्याच आठवड्यात दिसून आले. महाराष्ट्रात परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर गृहविलगीकरणाचा शिक्का मारला जाऊ लागला होता. १८ मार्च रोजी असे शिक्के असलेले, जर्मनीहून आलेले चार प्रवासी मुंबईहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत आढळले आणि त्यांना पालघर येथे उतरविण्यात आले. विमानाचा प्रवासी विमानतळाबाहेर पडला की टॅक्सीचा, एस.टी.चा किंवा रेल्वेचा प्रवासी होतो. वाहनांची तुलना करताना ही साखळीच नजरेआड होते.

टाळेबंदीनंतर वाहने पुन्हा सुरू झाली ती तीन पायऱ्यांनी. १ मे २०२० रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली श्रमिक विशेष गाडी निघाली. १२ मे पासून दिल्लीला प्रमुख शहरांशी जोडणाऱ्या वातानुकूलित विशेष गाड्या राजधानीच्या भाड्याने सुरू झाल्या. २५ मे पासून देशांतर्गत विमाने एकतृतीयांश क्षमतेने उडू लागली. भाड्याला किमान व कमाल मर्यादा होती आणि दिल्ली-मुंबई प्रवासासाठी ती अनुक्रमे ३,५०० व १०,००० रुपये होती. या पायऱ्यांवर देशातील तीन वर्ग तीन ठिकाणी उभे होते.

या काळातील एक बारीक तपशील वरील सर्व इतिहासाचे सार सांगतो. श्रमिक गाड्यांत प्रारंभी ७२ जणांच्या डब्यात ५४ प्रवासी बसवीत. मधला बर्थ रिकामा ठेवीत. अशा प्रकारे एका गाडीत सुमारे १,२०० प्रवासी जात. ११ मे पासून मधला बर्थही भरण्याचा निर्णय झाला आणि संख्या सुमारे १,७०० झाली. गरज मोठी होती आणि गाड्या अपुऱ्या होत्या, हे कारण नाकारता येत नाही. या निर्णयावर फारशी चर्चा झाली नाही. याउलट विमानातील मधल्या आसनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आणि २५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने १ जून रोजी आदेश काढला की शक्य तेथे मधले आसन रिकामे ठेवावे आणि ते भरावे लागल्यास त्या प्रवाशाला अंगभर आवरण द्यावे. अखेर जूनमध्ये उच्च न्यायालयाने मधले आसन भरण्यास मुभा दिली. दोन्ही वाहनांतली मधली जागा शेवटी भरलीच. फरक एवढाच की विमानातील मधल्या जागेसाठी न्यायालयात युक्तिवाद झाला आणि रेल्वेतील मधल्या जागेसाठी कोणी उभे राहिले नाही.

वैद्यकीय पुरावा काय सांगतो, तेही पाहिले पाहिजे. विमानातील हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि ती अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळण्यांतून फिरते. या दृष्टीने विमानाची बाजू भक्कम होती. तथापि १ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात एका लक्षणे असलेल्या प्रवाशाकडून पंधरा जणांना संसर्ग झाल्याचे अभ्यासात दिसले आणि त्यांतील बारा जण त्याच्याच बिझनेस वर्गात होते. वरच्या वर्गाचे तिकीट येथे संरक्षण ठरले नाही. तेव्हा मुखपट्टी सक्तीची नव्हती आणि प्रवास सुमारे दहा तासांचा होता. दुसरीकडे चीनमधील अतिजलद रेल्वेच्या प्रवाशांचा मोठा अभ्यास झाला. रुग्णाच्या आसपासच्या आसनांवरील प्रवाशांत संसर्गाचे सरासरी प्रमाण ०.३२ टक्के, तर लगतच्या आसनावर ते ३.५ टक्के आढळले. एकत्र प्रवासाचा काळ वाढला की धोकाही वाढत गेला. म्हणजे धोका ठरविणाऱ्या गोष्टी तीन होत्या : शेजार, वेळ आणि हवा. वाहनाचे नाव त्यानंतर येते. चीनमधील त्या बंद डब्याचे आकडे आपल्या खिडक्या उघड्या असलेल्या शयनयान डब्याला, किंवा दाराशी माणसे लोंबकळणाऱ्या जनरल डब्याला, जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शासकीय आदेशांतही वाहनभेद दिसतो. २५ नोव्हेंबर २०२० पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात व गोवा येथून महाराष्ट्रात येणाऱ्यांसाठी चाचणीची अट लागू झाली. विमानाच्या प्रवाशाचा अहवाल ७२ तासांच्या आतील आणि रेल्वेच्या प्रवाशाचा ९६ तासांच्या आतील असणे आवश्यक होते. अहवाल नसल्यास विमानतळावर स्वखर्चाने चाचणी होई. स्थानकावर मात्र लक्षणे व ताप यांची तपासणी होई. रेल्वेच्या लांब प्रवासाचा विचार करता ही सवलत व्यवहार्य होती. परंतु लक्षणे नसलेला रुग्णही रोग पसरवितो, हे तोवर माहीत झाले होते. कपाळासमोर धरलेले तापमापक यंत्र आणि १८९७ मध्ये काखेत पाहिली जाणारी गाठ यांत साम्य आहे ते असे : दोन्ही वेळा जे सहज दिसते ते तपासले गेले. हवेतून होणाऱ्या प्रसाराला जागतिक आरोग्य संघटनेची निःसंदिग्ध मान्यता मिळण्यास २०२१ साल उजाडले. धान्याच्या वाघिणीतल्या उंदराची येथे आठवण होते.

निवड नाकारलेल्यांचा प्रवास :

आतापर्यंतचे विवेचन तिकीट काढू शकणाऱ्यांचे आहे. जून २०२० पासून ज्या विशेष गाड्या धावू लागल्या त्यांत जनरल डब्यासाठीही आरक्षण आवश्यक झाले. फलाटावर येऊन तिकीट काढायचे आणि गाडीत शिरायचे, हा गरिबाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा रेल्वेचा अनुभव त्या दिवशी खंडित झाला. गर्दी टाळण्यासाठी ते योग्यही असेल. पण त्याचा अर्थ असा की रेल्वे सुरू होऊनही ती सर्वांसाठी सुरू झाली नव्हती.

१ मे ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात ४,६२१ श्रमिक गाड्यांतून सुमारे ६३ लाख लोक आपापल्या राज्यांत पोहोचले. ही कामगिरी लहान नव्हे. त्याच गाड्यांत ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती शासनाने राज्यसभेत दिली. स्थलांतरितांकडून भाडे घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला २८ मे रोजी सांगावे लागले.

आणि ८ मे २०२० ची पहाट. जालन्यातील एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला जाण्यासाठी रुळांच्या कडेने पायी निघाले होते. भुसावळहून श्रमिक गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. थकून ते बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान रुळांवरच झोपले. प्रवासी गाड्या बंद असल्याने रूळ निर्धोक आहेत, असे त्यांना वाटले असावे. पहाटे आलेल्या मालगाडीखाली त्यांतील सोळा जण ठार झाले. रेल्वे बंद होती ती माणसांसाठी. मालासाठी ती चालूच होती. १८९७ मध्ये माणूस अडविला गेला आणि धान्याची वाघीण पुढे गेली, ही गोष्ट येथे अतिशय करुण रीतीने पुन्हा घडली. ‘रेल्वे की विमान’ या प्रश्नाचा विचार करताना ज्यांच्यापुढे दोन्हींपैकी एकही पर्याय नव्हता, त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष अपुराच राहील.

निष्कर्ष :

१) साथीच्या काळात कोणते वाहन बंद होईल आणि कोणते चालू राहील, हे केवळ रोगाच्या स्वरूपावर ठरत नाही. १८९७, १९१८ आणि २०२० या तिन्ही वेळी शासनाची तातडीची गरज, व्यापार आणि प्रवाशाचा वर्ग यांचा त्यावर प्रभाव पडलेला दिसतो.

२) तपासणी बहुधा दृश्य लक्षणांची झाली. रोगप्रसाराचा खरा मार्ग उशिरा कळला आणि कळल्यावरही तपासणीची पद्धत लवकर बदलली नाही.

३) विमान की रेल्वे यापेक्षा शेजारी कोण व किती वेळ, हवा खेळती आहे का, आणि घर ते घर या संपूर्ण साखळीत गर्दीचे टप्पे किती, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. दोन तासांच्या विमानप्रवासाआधी व नंतर रांगेत, बसमध्ये, टॅक्सीत गेलेला वेळ हिशेबात धरल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

४) वाहनाची निवड हा मूठभरांचा अधिकार राहिला आहे. आगगाडी-आगबोटीच्या काळात ती भूगोलाने ठरविली, नंतर भाड्याने आणि २०२० मध्ये भ्रमणध्वनीवरील आरक्षणाने.

५) दाखला हा प्रत्येक साथीत प्रवासाचा दुसरा परवाना बनला. प्लेग पासपोर्टपासून १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलसाठी लागू झालेल्या दोन लसमात्रांच्या अटीपर्यंत ही परंपरा अखंड आहे. ज्याला दाखला सहज मिळतो त्याला प्रवास सहज मिळतो.

समारोप :

पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही; परंतु ती आली की पुन्हा हाच प्रश्न घराघरांत विचारला जाईल. त्या वेळी वैयक्तिक उत्तर देणे अवघड नाही. ज्याला परवडते आणि ज्याचा विमानतळ जवळ आहे त्याने लांबच्या अंतरासाठी कमी वेळाचा प्रवास निवडावा. ज्याला रेल्वेने जायचे आहे त्याने कमी गर्दीची गाडी, खिडकीजवळची जागा आणि चांगली मुखपट्टी यांचा आग्रह धरावा. सार्वजनिक उत्तर मात्र याहून कठीण आहे. प्रवास पूर्ण थांबविण्यापूर्वी लोकांना घरी पोहोचण्यासाठी पुरेसा अवधी देणे, जनरल डब्याच्या प्रवाशासाठी आधी विचार करणे आणि दोन्ही वाहनांतील मधल्या जागेला एकच न्याय लावणे, एवढे तरी इतिहासाने शिकविलेले आहे.

इतिहासाच्या अध्यापकांपुढे आणखी एक काम आहे. १८९७ च्या स्थानकांवर रांगेत उभ्या राहिलेल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला काय वाटले, हे आज आपल्याला अधिकाऱ्यांच्या अहवालांतून अंदाजाने काढावे लागते; त्याचे स्वतःचे शब्द जवळजवळ उरलेले नाहीत. २०२० मध्ये आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातून चालत गेलेली, श्रमिक गाडीत बसलेली, फलाटावरून परत फिरलेली माणसे आज हयात आहेत. त्यांतील काहींची मुले आपल्याच वर्गांत बसतात. त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने आताच नोंदविल्या नाहीत, तर शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक या काळाकडे वळेल तेव्हा त्याच्या हाती विमानांच्या क्षमतेचे आदेश लागतील, भाड्याच्या मर्यादा लागतील. रुळाच्या कडेने गेलेल्या माणसाचा आवाज मात्र लागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने आपल्या तालुक्यापुरते हे काम हाती घ्यावे, असे या शोधनिबंधाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.